कंसातली ओळ

काका,

मी १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची सोसायटी लोहगावच्या हवाई दलाच्या धावपट्टीपासून फार लांब नाही. सुखोईचा आवाज आला की ताटावरून उठून गॅलरीत पळायची लहानपणापासूनची सवय. दोन वर्षांपूर्वी मामाने त्याचा जुना कॅमेरा आणि ७०-३०० ची लेन्स दिली, तेव्हापासून गच्चीवरून फोटो काढतो. वहीत तारीख, वेळ, किती विमानं गेली, किती परत आली, शेपटीवरचा नंबर, सगळं लिहितो. दोन वह्या भरल्या. इन्स्टाग्रामवर अकाउंटही आहे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं की 'सी विंगच्या गच्चीवर एक मुलगा रोज मिलिटरीचे फोटो काढतो', आणि सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप घातलं. बाबा म्हणतात कॅमेरा विकून टाक. आई रडते. गूगल मॅपवर अख्खा तळ दिसतो, मग माझ्या फोटोंनी काय बिघडणार आहे? गच्ची परत कशी मिळवू? आणि मोठी लेन्स कुठली घेऊ? (एका एव्हिएशन मॅगझिनवाल्या मुलीचाही मेसेज आलाय. क्रॉप न केलेले फोटो पाठवले तर पैसे देईन म्हणते.)

– विमानवेडा, पुणे

*

अरे विमानवेड्या,

सगळ्यात महत्त्वाची ओळ तू सगळ्यात शेवटी लिहिलीस, आणि तीही कंसात. गच्ची, लेन्स, बाबा हे सगळं बघू सावकाश. आधी त्या मुलीचं.

तिला उत्तर दिलं असशील तर इथून पुढे देऊ नकोस. 'कोण आपण?' असं खडसावूनही विचारू नकोस. तेही उत्तरच झालं. मेसेज पुसू नकोस. तिचं प्रोफाइल, तिचे सगळे मेसेज, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेव. पैसे आले असतील, अगदी पाचशे रुपये सुद्धा, तर तेही आज रात्री आईबाबांना सांग. त्यांच्यापासून लपवून ठेवलंस तर पुढची प्रत्येक पायरी अवघड होईल. मग बाबांना घेऊन एखाद्या फौजदारी वकिलाकडे तासभर बसून या, आणि त्यांच्या सल्ल्याने पोलिसांच्या सायबर विभागात जाऊन हे स्वतःहून सांगा. स्वतःहून गेलेला मुलगा आणि शोधून काढलेला मुलगा यांच्याकडे एकाच नजरेने बघितलं जात नाही.

ती मुलगी हेर आहेच असं मी म्हणत नाही. असेल एखादी हौशी. पण ते तुला घरबसल्या ठरवता येणार नाही, मलाही नाही. एवढं मात्र बघ. खऱ्या मासिकाला संपादक असतो, पत्ता असतो, आणि लष्करी विमानाचा फोटो असेल तर 'परवानगी होती का?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. क्रॉप न केलेली मूळ फाइल कुणाला लागते? जिला विमानापेक्षा विमानाच्या मागचं बघायचंय तिला. कडेला आलेली पाण्याची टाकी, हँगरचं छप्पर, फाइलच्या पोटात दडलेली तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, आणि मोबाइलवर काढला असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. तू क्रॉप करून टाकून देतोस तोच भाग ती पैसे देऊन मागते आहे.

'माझ्यासारख्या पोराला कोण गळ टाकणार' असं मनात आलं असेल तर आपल्याच शहराकडे बघ. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञांना एटीएसने अटक केली. समाजमाध्यमांवर ओळख झालेल्या एका बाईला संवेदनशील माहिती दिली, हा आरोप. खरं-खोटं न्यायालय बघेल. आयुष्य संरक्षण खात्यात काढलेल्या माणसावर जर ही वेळ येऊ शकते, तर तू तर लाइक मोजणारा पोरगा.

आता कायदा. कंटाळवाणा आहे, पण पाच मिनिटं दे.

१९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम, लोक ज्याला ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट म्हणतात, त्यात 'निषिद्ध स्थान' याची व्याख्या आहे. तिच्यात हवाई दलाचा तळ येतो हे तू गृहीत धरलं असशीलच. पण त्याच वाक्यात सरकारच्या मालकीचं जहाज आणि विमानसुद्धा येतं. म्हणजे भिंतीच्या अलीकडे उभं राहिलं की आपण सुटलो, असं नाही. कलम ३ मध्ये देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने अशा जागेच्या आसपास असणं, तिचं रेखाटन, नकाशा किंवा टिपण करणं, हे सगळं येतं. संरक्षण दलांच्या बाबतीत शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. 'माझा हेतू वाईट नव्हताच' असं तू म्हणशील, आणि मला ते पटतं. पण हेतू परिस्थितीवरून आणि वागणुकीवरून ताडता येतो, असं त्याच कलमात लिहिलंय. पुढे कलम ४ आहे, परकीय हस्तकाशी संपर्क असणं हाच पुराव्याचा भाग धरणारं. कंसातल्या ओळीवर मी एवढा का अडलो, ते आता कळलं असेल. गच्चीवर एकटा उभा असलेला मुलगा म्हणजे एक छंदिष्ट. तोच मुलगा, दोन वह्या आणि इनबॉक्समध्ये पैसे देऊ करणारी अनोळखी व्यक्ती, हे तिन्ही एका टेबलावर मांडलं की चित्र पालटतं. चित्र खोटं असेल, पण ते खोटं आहे हे पटवून देताना तुझी डिग्री राहून जाईल.

'टिपण' हा शब्द वाचलास ना? तुला भीती कॅमेऱ्याची वाटते आहे, मला तुझ्या वह्यांची वाटते.

गूगल मॅपचा तुझा मुद्दा चुकीचा नाही, अर्धा आहे. उपग्रहाच्या चित्रात धावपट्टी दिसते, हँगर दिसतात. हँगर काही पळून जात नाही. पण मंगळवारी सकाळी सहा उडाली आणि पाचच परतली, हे त्या चित्रात नसतं. पंखाखाली आज काय टांगलं होतं, काल काय होतं, कुठल्या आठवड्यात एकदम शांतता झाली, कुठला नंबर तीन महिने दिसलाच नाही, हे तुझ्या वहीत असतं. एक फोटो म्हणजे एक फोटो. दोन वर्षांची रोजची नोंद म्हणजे तळाची दिनचर्या झाली. तू अभ्यासू आहेस म्हणून तू नीट लिहिलंस, आणि नीट लिहिलंस म्हणूनच ते कुणाच्या तरी कामाचं झालंय.

हा काही आपल्याकडचाच बाऊ आहे असं समजू नकोस. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीसमध्ये १२ ब्रिटिश आणि २ डच विमानछंदी पकडले गेले. कालामाता इथल्या हवाई तळाच्या ओपन डेला गेले होते, म्हणजे चक्क लोकांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमाला. इंग्लंडात तळाच्या कुंपणाशी शिडी लावून शेपटीचे नंबर टिपून घेणं हा आजोबा-नातवाचा रविवारचा उद्योग. ग्रीक अधिकाऱ्यांना मात्र ते काही केल्या समजेना. सुट्टीत कुणी माणूस विमानांचे आकडे का उतरवून घेईल? कित्येक आठवडे ती मंडळी तुरुंगात. २००२ च्या एप्रिलमध्ये आठ जणांना हेरगिरीसाठी तीन वर्षांची शिक्षा झाली, उरलेल्यांना साथ दिल्याबद्दल एक वर्षाची, स्थगित. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले. सुटले, पण मध्ये एक अख्खं वर्ष गेलं. त्यांच्याही गळ्याला फास लागला तो मुख्यतः वह्यांचा.

वेल्समध्ये डोंगराच्या उतारावर बसलं की खालच्या दरीतून लढाऊ विमानं जातात आणि त्यांची पाठ वरून दिसते. माक लूप म्हणतात त्याला. जगभरचे फोटोवाले थर्मास घेऊन बसतात आणि कुणी हटकत नाही. तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं चिडतात, 'आपल्याकडेच का एवढं?' अरे, आपल्या शेजारी कोण आहे आणि त्यांच्या शेजारी कोण आहे ते बघ. २०२५ च्या मे महिन्यात काय झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्या सेक्रेटरींनी कुलूप घातलं, त्यांचंही काही फार चुकलं नाही. त्याच महिन्यात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, संरक्षण दलांच्या विमानतळांवर प्रवासी विमानातूनसुद्धा फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत म्हणून पुन्हा बजावलं. पुण्यात उतरताना ती सूचना कानावर पडतेच. शेजारचा माणूस मान डोलावतो आणि दुसऱ्या मिनिटाला खिडकीला मोबाइल लावतो, ते सोड.

मी तुला उपदेश करायला मोठा शहाणा आहे असं नाही. माझी गोष्ट ऐक.

१९८७ च्या अखेरीस लोहगावला मिग-२९ आली. त्यांच्या इंजिनांचा काळा धूर असा निघायचा की विमान दिसेनासं झालं तरी आकाशात पेन्सिलीची रेघ राहायची. त्या रेघेने मला वेड लावलं. पुढच्या वर्षी बँकेच्या कामाने परराज्यात गेलो होतो. गावाबाहेर एक तळ होता, नाव राहू दे. खांद्याला यशिका. आत ३६ चा रोल, त्यातले २९ फोटो आदल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात संपलेले. सात उरले होते. म्हटलं, सात तर सात. कुंपणाच्या बाहेर रस्त्यावर उभा राहून दोन काढले असतील, तेवढ्यात मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, 'भाईसाब, कैमरा.' हातातून ओढला नाही, शिवी नाही. आत नेलं, खुर्ची दिली, चहा दिला. बँकेच्या शाखेत फोन लावून मी कोण, कशाला आलो, विचारून घेतलं. तीन तास. मग माझ्यादेखत कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि रोल उन्हात सर्रकन ओढला. तपकिरी फीत टेबलावर गुंडाळून पडली. त्या फितीत आमची आजी होती, नव्या व्याह्यांच्या शेजारी हसत बसलेली. असा फोटो तिचा पुन्हा निघाला नाही. बहीण लग्नापर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. बिचाऱ्यांनी त्यांचं काम केलं होतं, मूर्खपणा माझा.

तेव्हा रोल ओढला की गोष्ट संपायची. तुझे फोटो इन्स्टाग्रामवर आहेत, आणि लोकांनी उतरवून घेतलेले किती जणांच्या फोनमध्ये असतील ते देवाला ठाऊक.

तेव्हा अकाउंट आजपासून बंद ठेव, पोस्ट लोकांना दिसणार नाहीत अशा कर. जागेचा टॅग लावलेल्या आधी. वह्या जाळू नकोस. घाबरून जाळलेली वही भरलेल्या वहीपेक्षा जास्त बोलते. त्यात पुढे एक अक्षर लिहू नकोस, वकिलांकडे जाताना सोबत ने, आणि त्यांचं काय करायचं ते वकील सांगतील. ड्रोनचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच पुरून टाक. विमानांचं बोलणं ऐकायला रेडिओ स्कॅनर मागवायचा असेल तर तोही नको. आपल्याकडे असं यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणंच गुन्हा आहे, भले ऑनलाइन दुकानात ते सर्रास मिळो.

गच्चीचं उत्तर सरळ आहे. परत मिळवू नकोस. सेक्रेटरींना जाऊन भेट, बाबांना बरोबर घेऊन. 'काका, मी फोटो काढत होतो, आता बंद केलं,' एवढंच सांग. ग्रुपवर खुलासा लिहीत बसू नकोस, त्याखाली चाळीस जण मत देतील.

मग सुखोई बघायचंच सोडायचं का? अजिबात नाही रे. मान वर करून बघायला कुणाची बंदी आहे? कानाने आधी ओळख, मग डोळ्यांनी. नाकामागचे दोन छोटे पंख, दोन शेपट्या, त्यांच्या मधोमध मागे आलेली ती काटी, आणि वळताना सगळा देह तिरपा होऊन उन्हात क्षणभर चमकतो तो. कॅमेरा डोळ्याला लावला की यातलं अर्धं हुकतं, ही माझी जुनी तक्रार. दोन वर्षं तू चौकटीतून बघितलंस, आता सहा महिने नुसतं बघ.

आणि फोटो काढायचेत तर जिथे हवाई दल स्वतः म्हणतं 'या, काढा', तिथे जा. २००६ च्या जूनमध्ये, म्हणजे तुझ्या जन्माच्या आसपास, राष्ट्रपती कलाम लोहगावहून सुखोईतून उडाले, आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रतिभाताई पाटील. दोघंही तेव्हा ७४ वर्षांचे. जी-सूट घातलेल्या प्रतिभाताईंचा फोटो घराघरांत पोचला. त्याच तळावरचा, त्याच विमानाचा. फरक एवढाच की काय दाखवायचं, कधी दाखवायचं हे तळाने ठरवलं होतं.

बंगळुरूजवळ येलहंकाला एरो इंडिया भरतं. १९९६ पासून चालू आहे, हल्ली दर विषम सालात फेब्रुवारीमध्ये असतं. गंमत म्हणजे येलहंका हासुद्धा हवाई दलाचाच तळ. पण त्या दिवशी तुझ्या गळ्यात पास असतो आणि सुखोई तुझ्यासाठीच गिरकी घेत असते. हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत पथकाची हॉक विमानं नऊच्या नऊ पंखाला पंख लावून येतात, सारंगची हेलिकॉप्टरं येतात. ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाच्या सुमाराला कुठल्या तरी शहरात प्रात्यक्षिकं असतात, त्यावर लक्ष ठेव. पाणी आणि टोपी मात्र विसरू नकोस. २०२४ ला चेन्नईच्या मरीनावर उन्हाने आणि गर्दीने माणसं दगावली होती.

त्याहून जवळचं हवं असेल तर गोव्याला जा. दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ चं. विक्रांतवरून उडालेली सी हॉक आणि अलिझे, मग सी हॅरियर, आणि एकेकाळी एअर इंडियाच्या सेवेत असलेलं भलं थोरलं सुपर कॉन्स्टेलेशन. हाताच्या अंतरावर. तिथे मी दोन तास एका हॅरियरच्या पोटाखाली वाकून तिची वळणारी नळकांडी बघत बसलो होतो, आणि बायको बाहेर उन्हात नारळपाणी पीत माझी वाट बघत होती. आतमध्ये काय चालतं ते दारावर विचारून घे, आणि तिथून दाबोळीच्या धावपट्टीकडे कॅमेरा वळवू नकोस. तिथे नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे, पुन्हा तेच.

तोपर्यंत सराव. तुझ्या सोसायटीवर घारी घिरट्या घालत असतीलच, पुण्यात त्यांना तोटा नाही. घार अचानक वळते, पंख मिटून सूर मारते. तिला चौकटीत धरता आलं तर सुखोई तुला सोपी जाईल. खांदे नाही, कंबर वळव. बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नकोस, नवशिके तिथेच चुकतात. शटर हजाराव्या हिश्शापासून सुरू कर. आकाश उजळ असल्यामुळे कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा ठिक्कर येतो, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम थोडं वाढव. हेलिकॉप्टरला मात्र उलटं, शटर अडीचशेच्या खाली आण, नाहीतर पंखा गोठून जातो आणि हेलिकॉप्टर आकाशात खिळ्याला टांगल्यासारखं दिसतं. दुपारी अकरानंतर जमिनीलगत हवा थरथरते, तेव्हा लांबचा फोटो कितीही महाग लेन्सने काढ, पाण्यातून काढल्यासारखाच येणार. हिवाळ्यात एखाद्या रविवारी भिगवणला जा. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरताना पाय पुढे टाकतात, ते बघ. अगदी उतरत्या विमानासारखे.

बाबा कॅमेरा विकायचं म्हणतायत ते भीतीने. त्यांना हा सगळा मजकूर वाचायला दे, कंसातल्या ओळीसकट. आधी ओरडतील. ओरडू दे. वकिलांकडे जाताना मामालाही बोलाव, कॅमेरा त्याचा आहे, थोडं त्यालाही ऐकू दे.

नवी लेन्स आत्ता नको. ७०-३०० घारीला पुरते. पैसे येलहंकाच्या तिकिटाला आणि रेल्वेला ठेव.

– काका